एकेचाळीस मुलांची सात झाली, आता खगोल मंडळ बंद करायचं का?

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवणाऱ्या एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे. त्या लिहितात: ‘जुलैमध्ये आम्ही आठवी-नववीसाठी खगोल मंडळ सुरू केलं. पहिल्या शनिवारी ४१ मुलांनी नावं दिली. शाळा सुटल्यावर मी तासभर थांबून ग्रहमाला, ताऱ्यांचा जन्म, चांद्रयान अशा विषयांवर स्लाइड दाखवत होते. सप्टेंबर संपेपर्यंत सातच मुलं उरली. बाकीच्यांची एसटी चुकते, काहींचा क्लास असतो. मुख्याध्यापक म्हणतात, हा वेळ दहावीच्या जादा तासांना द्या. पालक-शिक्षक संघाने ५००० रुपये मंजूर केलेत. त्यातून दुर्बीण घेतली तर मुलं परत येतील का? शिवाय एका पालकांनी विचारलं, तुम्ही मुलांना पंचांग शिकवणार का? त्यांना काय सांगू?’

नमस्कार मॅडम,

मंडळ बंद करू नका. दुर्बीणही आत्ता घेऊ नका. आणि गेलेल्या ३४ मुलांच्या मागे लागू नका. खगोल मंडळाला सात मुलं पुरतात. बारापेक्षा जास्त झाली तर अर्ध्यांच्या हाताला काम उरत नाही, आणि काम नसलेलं मूल आधी मागच्या बाकावर जातं आणि मग घरी.

मुलं गळाली यात तुमच्या शिकवण्याचा दोष नाही. दोष वेळापत्रकाचा आहे. आपल्याकडे मंडळं जून-जुलैत स्थापन होतात आणि नेमकं तेव्हापासून सप्टेंबरअखेरपर्यंत आभाळ झाकलेलं असतं. तारे बघायला आलेल्या मुलाला तीन महिने पडद्यावरचे तारे बघावे लागले. मग सहामाही, मग दिवाळीची सुट्टी, मग गॅदरिंगच्या तालमी. तुमच्याकडे आकाश निरीक्षणाचा खरा मोसम दिवाळीनंतर सुरू होतो आणि फेब्रुवारीअखेर संपतो, कारण मार्चमध्ये मुलं परीक्षेच्या तयारीला लागतात. म्हणजे हातात जेमतेम साडेतीन महिने आहेत. ते वाया जाऊ न देण्यासाठी एक गोष्ट बदला: तास घेणं थांबवा आणि मुलांच्या हातात नोंदवही द्या. व्याख्यान एकदा चुकलं तर पुढच्या वेळी जायचा संकोच वाटतो. पण आपल्या नावापुढची मंगळवारची नोंद कोरी राहिली, तर मूल बुधवारी आपणहून येतं.

सुरुवात दिवसाच्या कामापासून करा. दिवसाच्या कामात एसटी चुकत नाही आणि रात्रीच्या परवानगीचा प्रश्न येत नाही. एक शंकू उभारा, म्हणजे सपाट फळीवर सरळ उभी काठी. रोज दुपारी तिची सर्वांत आखूड सावली मोजायची, एवढंच काम. ऐकायला फारच साधं वाटतं, पण नेमकेपणाने केलं तर यातून शाळेचे अक्षांश, उत्तरायणाची तारीख आणि पृथ्वीचा घेर इतकं सगळं निघतं.

साहित्य असं: सुमारे ९० × ६० सेंटिमीटरचा प्लायचा तुकडा, ५० सेंटिमीटर उंचीची सरळ लाकडी काठी किंवा सळई, गवंड्याचा ओळंबा, आलेखाचा कागद आणि स्टीलची पट्टी. ओळंबा विकत घेऊ नका. बांधकामावर जाणारे एखादे पालक असतीलच, त्यांच्याकडून मागवा. ज्या मुलाच्या वडिलांचा ओळंबा येईल, ते मूल काठीची जबाबदारी सोडणार नाही. फळीची लांब बाजू उत्तर-दक्षिण ठेवा आणि काठी दक्षिणेच्या कडेपासून साधारण २० सेंटिमीटरवर बसवा. हिवाळ्यात सावली उत्तरेला पडते, तिला जागा हवी.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली चूक सपाटीची. फळी उत्तर-दक्षिण दिशेने एक अंशाने जरी कलली, तरी डिसेंबरातल्या सावलीत सुमारे दीड सेंटिमीटरची चूक येते, आणि आपल्याला पुढे जो फरक पकडायचा आहे तोच मुळात तीन सेंटिमीटरचा आहे. म्हणून रोज मोजण्याआधी फळीवर काचेची गोटी ठेवून बघायची. ती कुठल्याही बाजूला घरंगळता कामा नये. फळी हलवावी लागू नये यासाठी गच्चीवर किंवा ध्वजाच्या कट्ट्यावर कायमची जागा ठरवा आणि चारही कोपऱ्यांना ऑइल पेंटच्या खुणा करा. काठी सरळ आहे का, ते ओळंब्याने दोन बाजूंनी बघा. एकाच बाजूने बघितलं तर ती दुसरीकडे झुकलेली राहते.

दुसरी चूक सावलीच्या टोकाची. सूर्य बिंदू नाही, आकाशात त्याची रुंदी अर्धा अंश आहे, त्यामुळे टोक धूसर पडतं. ५० सेंटिमीटरच्या काठीला हिवाळ्यात ही धूसर पट्टी सुमारे आठ मिलिमीटरची होते. मग एक मूल गडद भाग संपतो तिथे खूण करतं, दुसरं फिकट भाग संपतो तिथे, आणि दोघांच्या नोंदी जुळत नाहीत. उपाय सोपा आहे. काठीच्या टोकावर अर्धा सेंटिमीटर भोक पाडलेला पुठ्ठा आडवा चिकटवा, भोक बरोबर काठीच्या माथ्यालगत येऊ द्या. पुठ्ठ्याच्या सावलीत प्रकाशाचा गोल ठिपका पडतो, त्याच्या मध्यावर पेन्सिलने खूण करायची. उंची फळीपासून भोकापर्यंत मोजायची आणि सावली भोकाच्या थेट खालच्या बिंदूपासून. हा बिंदू ओळंब्याने काढा, काठीच्या बुडाशी धरू नका.

वेळ कोणती? घड्याळात बारा वाजतात तेव्हा सांगलीत खरी दुपार, म्हणजे सूर्य सर्वांत उंच असण्याची माध्यान्हाची वेळ, झालेली नसते. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे. सांगली साधारण ७४.६ अंशांवर येते, म्हणून सरासरी माध्यान्ह सुमारे १२ वाजून ३२ मिनिटांनी होते. सूर्याची वर्षभराची चाल एकसारखी नसल्याने ही वेळही सरकते: नोव्हेंबरच्या मध्यात सव्वाबाराच्या आसपास, २२ डिसेंबरला साडेबाराच्या सुमारास, जानेवारीअखेर पाऊण वाजता. माध्यान्हाच्या आसपास पाच मिनिटं इकडेतिकडे झाली तरी सावलीच्या लांबीत अर्धा मिलिमीटरही फरक पडत नाही. त्यामुळे चालू तासातून दोन मुलांना फक्त दहा मिनिटांसाठी सोडायची परवानगी पुरते. सात मुलांच्या तीन जोड्या होतात, त्यांना सोमवार ते शुक्रवार पाळी लावा. सातवं मूल त्या आठवड्याचं नोंदप्रमुख. वही त्याच्या ताब्यात, आणि गोटी ठेवली होती का हे विचारण्याचं काम त्याचं. दर आठवड्याला ही जबाबदारी फिरू द्या. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव नेमू नका, त्या पदांना काही कामच नसतं.

शनिवारची सकाळची शाळा साडेअकराला सुटल्यावर जी थांबू शकतात त्यांच्याबरोबर एकदा दिशासाधन करा. भोकाच्या थेट खालच्या बिंदूशी मध्य धरून एक वर्तुळ काढा. त्याची त्रिज्या साडेअकराच्या सावलीपेक्षा थोडी कमी ठेवा. सावली आखूड होत ज्या बिंदूत वर्तुळाला शिवेल तिथे एक खूण, आणि माध्यान्हानंतर लांब होत पुन्हा शिवेल तिथे दुसरी. दोन्ही जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळाली. शुल्बसूत्रांपासून चालत आलेली ही रीत आहे. मोबाइलमधल्या होकायंत्रापेक्षा ती भरवशाची, कारण गच्चीच्या सळया तिला फसवू शकत नाहीत. दुसरी खूण सव्वाच्या पुढे जाते, तेव्हा डबे आणायला सांगा.

आता त्या पालकांच्या प्रश्नाकडे येते, कारण त्याचं उत्तर याच वहीत आहे. मुलांना विचारा, उत्तरायण कधी सुरू होतं? बहुतेक सगळी सांगतील, संक्रांतीला, १४ जानेवारीला. त्यांना दुरुस्त करू नका. सूर्य उत्तरेकडे सरकू लागला की दुपारची सावली आखूड व्हायला लागेल, एवढंच त्यांच्याकडून काढून घ्या आणि वही पुढे चालू ठेवा. काठी ५० सेंटिमीटरची असेल तर तुमच्या गावी साधारण हे आकडे येतील: १५ नोव्हेंबरला ३५ सेंटिमीटर, १ डिसेंबरला ४०, २२ डिसेंबरला ४२ ते ४२.५, १४ जानेवारीला ३९, ३१ जानेवारीला ३४. डिसेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सावली जवळजवळ थांबलेली दिसते आणि संक्रांत येईपर्यंत ती तीन सेंटिमीटरने आखूड झालेली असते. म्हणजे सूर्य तीन आठवड्यांपूर्वीच वळला! आलेखाच्या कागदावर हे टिंब-टिंब करून मांडलं की वर्गातलं सर्वांत गप्प मूलसुद्धा बोलतं. मग कारण सांगा: पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा संथ डुलतो, त्यामुळे ताऱ्यांच्या संदर्भात मोजलेली संक्रांत आणि सूर्याचं प्रत्यक्ष वळणं यांत दर ७२ वर्षांनी सुमारे एका दिवसाचं अंतर पडतं. साधारण १७०० वर्षांपूर्वी दोन्ही एकाच सुमारास येत होती. त्या पालकांना सांगा की मंडळात भविष्य शिकवत नाही, पण पंचांगातली तिथी, नक्षत्र आणि संक्रांत आकाशात कुठे असते हे मुलं स्वतः मोजून बघतात. शक्य असेल तर त्यांनाच एक दिवस दुपारी फळीपाशी बोलवा.

नववीच्या गणितात त्रिकोणमिती येतेच. २१ मार्चच्या सुमारास सावलीला काठीच्या उंचीने भागलं की जो टॅन्जंट मिळतो, त्याचा कोन म्हणजे तुमचे अक्षांश. सावली १५ सेंटिमीटर आली तर उत्तर १७ अंशांच्या जवळ निघतं. कोणाचे नातेवाईक नागपूरला असतील तर आणखी पुढे जा. २२ डिसेंबरला तिथल्या ५० सेंटिमीटरच्या काठीची माध्यान्ह सावली ४९ सेंटिमीटरच्या वर येते, तुमची ४२ च्या वर. दोन कोनांत सव्वाचार अंशांहून थोडा जास्त फरक. दोन्ही ठिकाणांमधलं फक्त उत्तर-दक्षिण अंतर नकाशावर मोजा, ते ४८० किलोमीटरच्या आसपास भरेल. रस्त्याचं अंतर घेऊ नका, इथे मुलं नेमकी चुकतात. मग ३६० ने गुणून कोनाने भागा, पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटरच्या आसपास येतो. हे तालुका विज्ञान प्रदर्शनात ठेवा. थर्मोकोलच्या ज्वालामुखीपेक्षा कितीतरी मोलाचं काम आहे. मुख्याध्यापकांशी बोलताना हाच मुद्दा पुढे करा: दहावीच्या एकाही मुलाला हात लावत नाही, रोजची फक्त दहा मिनिटं, आणि हाती येणार ते नववीच्या गणिताचं प्रात्यक्षिक व प्रदर्शनाचा प्रकल्प.

रात्रीचं काम घरून होऊ द्या. पहिल्या महिन्यात फक्त चंद्र. शुक्ल तृतीयेपासून पौर्णिमेपर्यंत, रोज संध्याकाळी सव्वासातला, अंगणातल्या किंवा गच्चीवरच्या एकाच जागी उभं राहून चंद्र कुठे आहे ते कागदावर काढायचं. कागदाच्या खालच्या कडेला क्षितिज आधीच रेखून ठेवायचं: पाण्याची टाकी, चिंच, देवळाचा कळस. अंतर हाताने मोजायचं. हात पूर्ण ताणून धरलेली मूठ सुमारे १० अंशांची, करंगळीचं टोक एका अंशाचं. चंद्र रोज मुठीपेक्षा थोडा जास्त पूर्वेला सरकलेला दिसतो. पौर्णिमेनंतर सव्वासातला तो दिसेनासा होतो आणि मुलं वही मिटतात. तसं होऊ नये म्हणून आधीच सांगून ठेवा की कृष्ण अष्टमीच्या आसपासच्या शनिवारी सकाळच्या शाळेला येताना पश्चिमेकडे वर बघायचं. चंद्र फक्त रात्रीच दिसतो असं पक्कं मानणारी मुलं सातात तीन-चार तरी निघतात.

एक सावधगिरी मात्र जीव लावून पाळा. भरलेल्या कागदाला गुण देऊ नका, बक्षीसही नको. तसं केलं की मुलं दिनदर्शिकेवरून चंद्र काढतात. ‘ढग होते, दिसला नाही’, ‘पाहुणे आले, विसरलो’ या नोंदी तितक्याच मोलाच्या आहेत हे पहिल्याच दिवशी सांगा, आणि अशी पहिली नोंद आली की ती सगळ्यांना वाचून दाखवून शाबासकी द्या. एकही खाडा नसलेली, रोज सुबक चंद्रकला काढलेली वही आली तर जरा शंका घ्या. ओरडू नका, फक्त विचारा, ‘पंचमीला तो टाकीच्या डावीकडे होता की उजवीकडे?’

चंद्र झाला की तारे. तुमच्याकडची बरीच मुलं शेतकरी घरातली असतील. मृग लागलं की पेरणीची लगबग सुरू होते, हे त्यांना तुमच्या-आमच्यापेक्षा जास्त ठाऊक. मग त्यांना विचारा: मृग जूनमध्ये लागतो, तर तो रात्री डिसेंबर-जानेवारीत का दिसतो? उत्तर त्यांचं त्यांना शोधू द्या, आठवडा लागला तरी चालेल. (जूनमध्ये सूर्यच त्या नक्षत्रात असतो, म्हणून ते दिवसा उगवतं नि मावळतं.) जानेवारीत आठ-साडेआठला मृग पूर्वेला चांगला वर आलेला असतो: चार ताऱ्यांचे चार पाय, पोटात तीन ताऱ्यांचा बाण. बाणाची रेषा खाली वाढवली की व्याध, वर वाढवली की रोहिणी आणि पुढे कृत्तिका. फेब्रुवारीत नऊच्या सुमारास दक्षिणेला क्षितिजापासून दोन मुठी वर अगस्ती दिसतो. ध्रुवापासून सुरुवात मात्र करू नका. तुमच्या अक्षांशावर तो दोन मुठींपेक्षाही खाली, झाडांच्या मागे असतो, फारसा तेजस्वीही नाही. शिवाय डिसेंबरच्या संध्याकाळी सप्तर्षी क्षितिजाखाली असल्याने शर्मिष्ठा या तारकासमूहावरून तो शोधावा लागतो. पहिल्याच दिवशी ध्रुव सापडला नाही की मुलं हिरमुसतात.

आता दुर्बिणीबद्दल. ५००० रुपयांत ‘५२५ पट’ असं खोक्यावर छापलेली दुर्बीण मिळेल. ती घेऊ नका. उपयोगी विवर्धनाची मर्यादा भिंगाच्या व्यासावर ठरते, प्रत्येक मिलिमीटरला फार तर दुप्पट. ६० मिलिमीटरच्या दुर्बिणीतून १२० पटींच्या पुढे फक्त मोठा धूसर डाग दिसतो. त्याहून मोठा त्रास तिच्या तिपाईचा. डोळा लावला की हलते, हात काढला की गुरू निसटतो, आणि रांगेतल्या सहाव्या मुलाला काहीच दिसत नाही. त्यापेक्षा ७×५० किंवा १०×५० चा, म्हणजे ७ किंवा १० पट मोठं दाखवणारा आणि ५० मिलिमीटर भिंगांचा, बायनॉक्युलर घ्या. चंद्रावरची विवरं, गुरूचे चार चंद्र, कृत्तिकेतले डझनावारी तारे, मृगातला तेजोमेघ इतकं त्यातून दिसतं. शनीची कडी दिसणार नाहीत, हे मुलांना आधीच सांगा. लाल चकाकणाऱ्या भिंगांचा आणि झूमवाला टाळा. दुकानात लांबच्या पाटीवर रोखून बघा. अक्षरं दोन-दोन दिसली तर दोन नळ्या समांतर नाहीत, तो परत ठेवा. हात थरथरतो म्हणून उभा केरसुणीचा दांडा खाली टेकवून त्याच्या टोकावर बायनॉक्युलर ठेवायचा, चित्र स्थिर होतं. आणि ही खरेदी डिसेंबरात करा, सहा आठवड्यांच्या नोंदी जमल्यावर. बायनॉक्युलर दिवसा कुलपात ठेवा. त्यातून सूर्याकडे क्षणभर बघितलं तरी डोळा कायमचा जाऊ शकतो. हा एक नियम मोडणाऱ्याला मंडळाबाहेर काढायला कचरू नका.

गावासाठी कार्यक्रम एकच ठेवा, डिसेंबर किंवा जानेवारीत, शुक्ल सप्तमी-अष्टमीच्या आसपासच्या शनिवारी, सात ते नऊ. तेव्हा चंद्र डोक्यावर असतो आणि अर्ध्या चंद्राच्या कडेला विवरांच्या सावल्या ठळक दिसतात. पौर्णिमा टाळा, तेव्हा चंद्र सपाट ताटासारखा दिसतो. एका बायनॉक्युलरपुढे ४० माणसं दीड-दीड मिनिट उभी राहिली तर तास जातो, म्हणून बाकीच्यांसाठी आणखी ठाणी हवीत: एका जोडीकडे बायनॉक्युलर, एकीकडे सावलीची फळी आणि आलेख, एकीकडे मृग-रोहिणी ओळखून दाखवणं, आणि सातव्या मुलाकडे चंद्राच्या वह्या. समजावून सांगायचं मुलांनीच. तुम्ही फाटकाशी थांबा: पालकांची लेखी संमती, कोण कोणाबरोबर घरी जाणार याची यादी, सोबत आणखी एक शिक्षिका. मैदानाचे दिवे बंद करायची परवानगी आधी घ्या आणि टॉर्चला लाल जिलेटिन कागद दुहेरी लावा. लेझर वापरू नका, गर्दीत तो कोणाच्या तरी डोळ्यात जातो.

तुमच्या गावी माध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर साधारण ७ मे आणि ५ ऑगस्टच्या सुमारास येतो. त्या दिवशी काठीची सावलीच पडत नाही. मेमध्ये सुट्टी असते आणि ऑगस्टात ढग, तरी फळी जागेवरून काढू नका. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात रोज साडेबारापासून एक जोडी छत्री घेऊन उभी करा, ढगांत दहा मिनिटांची फट पडली तरी पुरे. या दोन तारखांच्या मधल्या काळात दुपारची सावली दक्षिणेला पडते, २१ जूनला जवळपास सहा सेंटिमीटर. त्यासाठीच काठीच्या दक्षिणेला ते २० सेंटिमीटर सोडायला सांगितले आहेत. पुढच्या जूनमध्ये आठवीत येणाऱ्या मुलांना नावनोंदणीआधी ही उलटी पडलेली सावली दाखवा, आणि ती यंदाच्या सातांपैकी कोणालातरी दाखवू द्या.